सिस्टम फोल्डर (मॅक ओएस)
सिस्टम फोल्डर हा अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉश संगणकांवरील जुन्या मॅक ओएस (१९८४पासून, अखेरची आवृत्ती ९.२.२, २००१) या कार्यप्रणालीचा गाभा होय. सिस्टम व फाइंडर या संचिका त्यात एकत्र असाव्या लागतात. कार्यप्रणालीची स्वच्छ पुनःस्थापना केल्यास जुना फोल्डर ‘प्रीव्हियस सिस्टम फोल्डर’ या नावाने डिस्कवर शिल्लक राहतो, पण निष्क्रिय होतो. पूर्वी चालणारा मोडेम ‘सापडत नाही’, ही तक्रार पुष्कळदा येथेच उद्भवते. मोडेम बिचारा निर्दोष असतो. त्याची स्क्रिप्ट जुन्या फोल्डरातील एक्स्टेन्शन्समध्ये अडकल्याने मोडेम नियंत्रणपटलाच्या यादीत दिसत नाही. ती सक्रिय फोल्डरातील ‘मोडेम स्क्रिप्ट्स’मध्ये ठेवावी. जुना फोल्डर घाईने पुसू नये, कारण इंटरनेट जोडणीची माहिती त्यातील प्रिफरन्सेसमध्ये असते. सक्रिय फोल्डरातून फाइंडर हलवल्यास मात्र पुढील वेळी पडद्यावर लुकलुकणारे प्रश्नचिन्ह तेवढे उमटते.