कमान, आडवी

तीर फारसी, कमानही फारसी. तीर सोडणारा तो तिरंदाज आणि गोळा टाकणारा तो गोलंदाज. ‘अंदाज’ म्हणजे टाकणारा. क्रिकेटचे समालोचन ऐकताना तोफखाना कुणाला आठवत नाही, ते सोडा. कमान तर मराठीत वेशीवर चढली, घड्याळातही जाऊन बसली. कवी असल्यामुळे मला शस्त्रापेक्षा त्याच्या नावात अधिक रस.

क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य. इंग्रजी नाव त्या आडवेपणावरूनच पडले. दोरी ताणून खाचेत अडकवायची, आखूड तीर पन्हळीत ठेवायचा, नेम धरून खटका दाबायचा. चीनमध्ये हे इसवी सनापूर्वीच होते. शीआनजवळच्या मातीच्या सैनिकांबरोबर त्याचे कांस्याचे खटके सापडले आहेत.

लॅटिन नाव ‘आर्कुबॅलिस्टा’. ‘आर्कुस’ म्हणजे धनुष्य आणि इमारतीची कमानसुद्धा. म्हणजे लॅटिनलाही मराठीसारखेच दिसले! ‘बॅलिस्टा’ हे फेकणारे यंत्र; त्याच्या मुळाशी ‘फेकणे’ हा ग्रीक शब्द. पुन्हा आपला ‘अंदाज’च. फ्रेंचांनी त्याचे ‘आर्बालेत’ केले. जर्मनांची गंमत वेगळी. त्यांच्या तोंडी ते ‘आर्मब्रुस्ट’ झाले. ‘आर्म’ म्हणजे हात, ‘ब्रुस्ट’ म्हणजे छाती. परका शब्द कळला नाही की लोक त्यात ओळखीचे काहीतरी ऐकतात.

साधे धनुष्य नीट चालवायला वर्षानुवर्षांची तालीम लागे. इथे ताणलेली दोरी खाच धरून ठेवते. माणसाने फक्त नेम धरायचा. भरायला वेळ लागे हे खरे, पण थोड्या सरावाने साधा शिपाई चिलखतातल्या सरदाराला लोळवू शकत होता. धर्मगुरूंना ते खुपले असावे. ११३९ साली रोममधल्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने तिरंदाजी आणि हे शस्त्र ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापरायला बंदी घातली. आमच्यासारख्यांविरुद्ध चालेल की नाही, ते ठरावात लिहिलेले नाही.

ख्रिस्ती राजांनीही ती बंदी पाळली नाही. सलाउद्दीनशी लढलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड याच शस्त्राचा मोठा चाहता. ११९९ मध्ये फ्रान्समधल्या शालू या छोट्या किल्ल्याला त्याने वेढा घातला असता तटावरून आलेला असाच एक तीर त्याच्या खांद्यात घुसला. जखम चिघळली आणि ६ एप्रिलला तो गेला. तीर सोडणाऱ्याचे नाव मात्र त्या काळच्या बखरकारांनी प्रत्येकाने वेगळे दिले आहे.