दोन कागद, एकच अडचण

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून एक मुलगी जन्मली. भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. प्रयोगशाळेतलं काम डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संस्थेचं. १९९७ साली कोलकात्यात याच आनंद कुमारांच्या हाती डॉ. सुभाष मुखर्जींचे कागद आले. ते वाचून त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं : पहिलेपणाचा मान मुखर्जींचा. स्वतःकडे आलेलं श्रेय कागद पाहून सोडणारा माणूस विरळाच.

मुखर्जींच्या प्रयोगातून जन्मलेल्या 'दुर्गा'चा जन्म ३ ऑक्टोबर १९७८चा. १९ ऑक्टोबरला त्यांनी सरकारकडे अहवाल दिला. चौकशी समितीने तो उडवून लावला. १९८१ साली मुखर्जींनी आत्महत्या केली.

पण मला त्या कागदांत अडकवतं ते औषध. जास्त स्त्रीबीजं पिकावीत म्हणून मुखर्जींनी इंजेक्शनं दिली. पाळी थांबलेल्या बायकांच्या लघवीतून काढलेलं ते संप्रेरक. फलित गर्भ मात्र त्याच महिन्यात गर्भाशयात सोडला नाही. ५३ दिवस गोठवून ठेवला आणि पुढच्या, औषधाविना आलेल्या चक्रात सोडला.

आता दुर्गाच्याच जन्मवर्षातल्या, १२ ऑगस्ट १९७८च्या 'लॅन्सेट'मधलं स्टेप्टो-एडवर्ड्‌सचं पत्र शेजारी ठेवा. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन त्यांच्याच हातची; तिच्या आईला बीजं वाढवणारी इंजेक्शनं दिलीच नव्हती. तिच्या लघवीतलं संप्रेरक मोजत राहून निसर्गतः पिकलेलं एकच बीज १० नोव्हेंबर १९७७ला काढलं. (इकडेही लघवीच!) आधीच्या वर्षांत त्यांनीही औषधं वापरली होती, त्यातून बीजं मिळत, पण चक्राचा उत्तरार्ध बिघडे आणि गर्भ टिकत नसे.

दोघांपुढे अडचण एकच होती, असं माझं वाचन. बीजं जास्त हवीत तर गर्भाशय रुसतं. एडवर्ड्‌सनी औषध सोडलं, मुखर्जींनी गर्भाला थांबवलं.

पुढे जगभर चलन वाढलं ते भरपूर इंजेक्शनांचं. त्यात अंडाशय फुगून पोटात पाणी साचण्याचा धोका. मग सौम्य उत्तेजनाकडे नजर वळली : कमी मात्रा, गोळ्यांची जोड, थोडी बीजं. २००७ साली नेदरलँड्‌समधल्या ४०४ स्त्रियांच्या चाचणीत वर्षभरात पूर्ण दिवसांचं मूल होण्याचं प्रमाण सौम्य पद्धतीत ४३.४ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ४४.७ टक्के निघालं. जुळी-तिळी मात्र ०.५ विरुद्ध १३.१ टक्के, अर्थात सौम्य गटात एकेकच गर्भ सोडला होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

आर्णीहून सोनोग्राफीसाठी यवतमाळ किंवा नागपूरच्या एसटीत बसणारीला हे आकडे कुणी सांगत असेल का? तिचा हिशेब इंजेक्शनांच्या बिलाचा आणि बुडालेल्या रोजाचा. सौम्य पद्धतीत इंजेक्शनं कमी, पण बीजंही कमी. पहिल्या खेपेला हुकलं की पुन्हा एसटी.