चुकतंय कोण, प्रोसेसर की रॅम? ओव्हरक्लॉकिंगच्या काळातला एक तपास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जे हातवारे करून सांगितलं, ते इथे जरा नीट लिहिलंय.

तर चला १९९८ सालात. ऑगस्ट महिना. इंटेल दोन प्रोसेसर बाजारात आणते. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, किंमत १४९ डॉलर. थोड्याच दिवसांत हौशी मंडळींना शोध लागला की बायोसमध्ये एक आकडा बदलला की हा १४९ डॉलरवाला गडीसुद्धा ४५० वर पळतो. ओव्हरक्लॉकिंग त्याआधीही होतं, पण ते घराघरांतल्या पोरांपर्यंत पोचलं ते या सेलेरॉनमुळे.

हा भाग मात्र त्या आनंदानंतर काय झालं त्याचा आहे. मशीन चालू झालं, विंडोज दिसलं, मित्रांना फोन करून सांगून झालं. आणि तासाभराने गेम खेळताना सगळं गोठलं. परत चालू केलं तर एक झिप फाइल उघडेना. आता बोला, चुकतंय कोण? प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, की विंडोज? या प्रश्नाचं उत्तर शोधायची पद्धत कशी तयार झाली, तोच आजचा इतिहास.

एका दोरीवरचे कपडे

आधी ३०० चे ४५० कसे झाले ते बघू. त्या काळात मदरबोर्डवर एक मूळ ठोका असायचा, त्याला फ्रंट साइड बस म्हणायचे. सेलेरॉनसाठी तो ६६ मेगाहर्ट्झ. प्रोसेसर त्याला साडेचारने गुणायचा, झाले ३००. हा साडेचारचा गुणक इंटेलने चिपमध्येच कुलूपबंद केला होता. कारण बाजारात स्वस्त चिपवर महागड्या चिपचा आकडा छापून विकणारे महाभाग फार झाले होते. गुणक हलत नाही म्हटल्यावर हौशी लोकांनी ठोकाच हलवला. ६६ चा १००. साडेचार गुणिले १००, बरोबर ४५०.

आता मेख इथे आहे. हा ठोका एकट्या प्रोसेसरचा नव्हता. दोरीवर कपडे वाळत घातलेत आणि तुम्ही दोरी ओढली, तर एकटा शर्ट हलतो का? सगळेच कपडे हलतात. तेव्हाच्या लोकप्रिय ४४०बीएक्स चिपसेटवर रॅमही त्याच ठोक्यावर नाचायची. बस १०० केली की रॅमही १००. साउंड कार्ड, हार्ड डिस्कचा कंट्रोलर वगैरे ज्या पीसीआय बसवर असायचे, तिला त्याच ठोक्याला भागून वेग मिळायचा. ६६ ला दोनने भागा, ३३. १०० ला तीनने भागा, पुन्हा ३३. ठीक. पण कोणी मधला ८३ चा पर्याय निवडला, तर ८३ भागिले दोन म्हणजे साडेएकेचाळीस. ३३ साठी बनवलेला डिस्क कंट्रोलर ४१ वर धावतोय! गेम छान चालतोय आणि मागे डिस्कवर चुकीचा डेटा लिहिला जातोय, असे प्रकार यातून झाले.

म्हणजे लोकांना वाटत होतं आपण प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय. प्रत्यक्षात त्यांनी अख्खा वाडा ओव्हरक्लॉक केला होता, आणि त्यातला सगळ्यात हळवा भाडेकरू होता रॅम.

रॅमला घाई का चालत नाही

आपण ज्याला रॅम म्हणतो ती डीरॅम. तिची मूळ कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ ची. पेटंट मिळालं १९६८ मध्ये. कल्पना इतकी साधी की हसू यावं. एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विजेचा भार असला तर १, नसला तर ०. पण हा कपॅसिटर म्हणजे गळका माठ. भार हळूहळू झिरपून जातो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. वर्षानुवर्षं प्रघात असा की प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा तरी ताजी करायची. चिप तापली की माठ जास्त गळतो.

वाचायचं असेल तर आधी ओळ उघडायची, मग त्या ओळीतला रकाना मागायचा, मग उत्तर तारेवर स्थिर होईपर्यंत थांबायचं, शेवटी ओळ बंद करायची. प्रत्येक पायरीला ठरावीक वेळ लागतो. बायोसमध्ये जे कॅस लेटन्सी वगैरे आकडे दिसतात, ते म्हणजे कुठल्या पायरीला किती ठोके थांबायचं याचा हिशोब. ठोके तेवढेच ठेवून ठोक्याचा वेग वाढवला, तर थांबायचा खरा वेळ कमी होतो. एसटीत शेवटचा प्रवासी पायरीवर चढतोय आणि कंडक्टरने घंटी वाजवली, तसं. बहुतेक वेळा तो चढतो. कधीतरी राहतो. या ‘कधीतरी’नेच लोकांच्या झोपा उडवल्या.

सेलेरॉनच्या वेळी अनेकांकडे ६६ साठी बनलेली जुनी रॅम होती. १०० साठीचं पीसी१०० हे मानक १९९८ मध्येच नवं आलं होतं. जुन्या मॉड्यूलवर १० नॅनोसेकंद छापलेलं असायचं. शाळेतलं गणित म्हणतं १० नॅनोसेकंद म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, झालं की! पण चिपने उत्तर तयार करणं, ते मदरबोर्डच्या तारांवरून पोचणं, पलीकडे वेळेत वाचलं जाणं, या सगळ्याला थोडी सवड लागते. गणित तंतोतंत जुळतं आणि सवड शून्य उरते. म्हणून तेच मॉड्यूल एकाच्या घरी चालायचं, दुसऱ्याच्या घरी नाही.

धोक्याची घंटा काढली कोणी?

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

रॅम चुकू शकते, हे इंजिनिअर लोकांना फार आधीपासून माहीत होतं. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वूड्स यांनी दाखवलं की चिपच्या आवरणातल्या सिरॅमिकमध्ये युरेनियम-थोरियमचे अंश असतात, त्यातून निघणारे अल्फा कण साठवलेला बिट उलटवू शकतात. चिप खराब झालेली नसते, पण आतली माहिती बदललेली असते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये म्हणूनच पॅरिटी होती. दर आठ बिटांमागे एक नववा बिट, नुसता पहारेकरी. आठांची बेरीज सम की विषम हे तो लक्षात ठेवायचा. जुळलं नाही की मशीन थेट थांबायचं आणि पडद्यावर पॅरिटीची चूक दाखवायचं. दुरुस्ती करता यायची नाही, पण निदान बोंब तरी मारायचं.

नववा बिट म्हणजे रॅमचा खर्च वाढला. १९९० च्या दशकात स्पर्धा वाढली, किमती पडल्या, आणि पहारेकऱ्याची नोकरी गेली. १९९५ च्या इंटेल ४३०एफएक्स चिपसेटमध्ये पॅरिटीची सोयच नव्हती. सर्व्हरसाठी चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम राहिली, घरगुती पीसीतून मात्र पहारा उठला.

आता दोन्ही तारखा शेजारी ठेवा. १९९५ च्या सुमारास घंटा काढली. १९९८ मध्ये लाखो लोकांच्या हातात वेग वाढवायचा खटका आला. रॅमवर सगळ्यात जास्त ताण येणार होता, त्याच वेळी तिचं तोंड बंद केलेलं होतं.

तपासाची हत्यारं

मग लोकांनी आपले पहारेकरी शोधले.

पहिला म्हणजे मेमटेस्ट८६. ख्रिस ब्रेडी यांनी तो १९९४ मध्ये लिहिला. हा प्रोग्राम तेव्हा फ्लॉपीवरून थेट सुरू व्हायचा, विंडोजची गरजच नाही. कारण विंडोज स्वतःच रॅममध्ये पथारी पसरून बसलेलं असतं, त्याच्या खालची जागा तपासणार कशी? मेमटेस्ट ठरावीक नक्षी लिहितो, वाचतो, उलटी करून पुन्हा लिहितो, पुन्हा वाचतो. फरक दिसला की पत्त्यासकट लाल ओळ.

दुसरा पहारेकरी योगायोगाने मिळाला. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधायचा सामूहिक प्रकल्प सुरू केला. त्याचा प्रोग्राम प्राइम९५. एकेक हिशोब कित्येक दिवस चालणारा, त्यात एक बिट चुकला की सगळी मेहनत वाया. म्हणून त्यात पडताळणी होती. उत्तर पूर्णांकाच्या किती जवळ आलं ते बघायचं, आणि फरक ०.४ च्या वर गेला की चूक जाहीर करायची. ओव्हरक्लॉकर्सना यातच आपला परीक्षक सापडला. आकडेमोड छोटी ठेवली तर ती प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावते, म्हणजे परीक्षा प्रोसेसरची. मोठी केली तर सतत रॅमकडे ये-जा, म्हणजे परीक्षा रॅमची आणि तिच्या रस्त्याची.

लिनक्सवाल्यांकडे तिसरी खूण होती. मोठा प्रोग्राम कंपाइल करताना कंपायलर मध्येच सिग्नल ११ देऊन कोसळतोय, आणि पुन्हा चालवलं तर वेगळ्याच ठिकाणी कोसळतोय? मग कोड तपासू नका, रॅम तपासा. बग असता तर दरवेळी त्याच जागी सापडला असता. चूक जागा बदलते, तिथे संशय हार्डवेअरवर.

या सगळ्यातून जी पद्धत घडली, ती आजही तशीच लागू आहे. आधी बॅकअप. मग सगळं मूळ वेगावर आणून टेस्ट. मूळ वेगावरही चूक आली तर ओव्हरक्लॉकिंगला दोष देऊ नका, मॉड्यूल किंवा स्लॉटच खराब असू शकतो, म्हणून एकेक मॉड्यूल लावून बघा. मूळ वेगावर स्वच्छ असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रोसेसर वाढवताना रॅम मूळ वेगावर ठेवा, रॅम वाढवताना प्रोसेसर. दरवेळी त्याच पत्त्यावर चूक येत असेल तर बहुधा मॉड्यूल गेलंय. चुका इकडेतिकडे फिरत असतील तर टायमिंग, व्होल्टेज किंवा कंट्रोलर बघा. आणि पाच मिनिटांत पास म्हणजे पास नाही, रात्रभर चालू द्या.

गंमत म्हणजे बीएक्सवर प्रोसेसर आणि रॅम वेगळे करणंच अवघड होतं, दोघं एकाच दोरीवर. १९९९ मध्ये व्हीआयएच्या अपोलो प्रो १३३ चिपसेटने रॅमचा ठोका बसपेक्षा ३३ ने कमी-जास्त ठेवायची मुभा दिली, तेव्हा दोन संशयितांना वेगवेगळ्या खोलीत बसवता आलं.

भोगलं कोणी?

तुम्ही म्हणाल, हौशी लोकांनी मशीन ताणलं, त्यांचं त्यांनी निस्तरलं. तसं नाहीये. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी एक हकिकत लिहिली. विंडोजच्या क्रॅश रिपोर्टांमध्ये काही अशक्य क्रॅश दिसत होते. रजिस्टर शून्य करणारी साधी सूचना, जी रॅमला हातही लावत नाही, तिच्यावर रॅमची चूक! लोकांना विचारल्यावर कळलं, मशीन ओव्हरक्लॉक केलेली आहेत. त्यातल्या काहींना तर हा शब्दच माहीत नव्हता. दुकानदाराने आधीच वेग वाढवून मशीन विकलं होतं. शिव्या मात्र विंडोजला पडत होत्या.

२००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास आला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मॉड्यूलमध्ये किमान एक चूक नोंदली गेली होती, तीही नेहमीच्या वेगावर. तिथे ईसीसी होती म्हणून ती निदान दिसली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे १० लाख घरगुती पीसींचे क्रॅश तपासले. थोडासा वेग वाढवला तरी क्रॅशचं प्रमाण वाढतं, आणि हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळायची शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते, असं दिसलं. थोडक्यात, ‘एकदाच झालं होतं, सोड’ हे वाक्य रॅमच्या बाबतीत महागात पडतं.

आणि आज?

आता फ्रंट साइड बस गेली. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ मध्ये, इंटेलने २००८ मध्ये कोअर आय७ मध्ये, रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच घातला. त्यामुळे आज रॅम अस्थिर झाली तर दोष मॉड्यूलचाच असेल असं नाही. तोच संच दुसऱ्या प्रोसेसरवर मुकाट चालेल. डीडीआर४ चं अधिकृत मानक ३२०० ला संपतं, तरी खोक्यावर ३६०० छापलेलं असतं. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करताय म्हणजे तुम्ही ओव्हरक्लॉकिंगच करताय, फक्त एका क्लिकवर. डीडीआर५ चिपमध्ये चूक दुरुस्तीची सोय आहे, पण ती चिपच्या आतली. चिप ते प्रोसेसर या रस्त्यात बिट हरवला तर ती काही करू शकत नाही, आणि वेग वाढवल्यावर खरी धांदल त्या रस्त्यावरच उडते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांच्या मशीनवर लिनक्स कर्नल कंपाइल करताना विचित्र क्रॅश यायला लागले. त्यांना आधी वाटलं, नव्या कर्नलमध्येच बग आलाय. शेवटी निघालं एक बिघडलेलं रॅम मॉड्यूल, साधं, बिनईसीसीचं. ईसीसी प्रत्येक पीसीत हवी असं जो माणूस जवळपास दोन वर्षं आधीच जाहीरपणे भांडून सांगत होता, त्याच्यावरच ही वेळ!

आम्ही कोड लिहिणारे लोक एक गोष्ट धरूनच चालतो. मेमरीत ५ ठेवले तर ५ च परत मिळतील. अख्खं सॉफ्टवेअर या विश्वासावर उभं आहे. सेलेरॉनच्या काळातल्या पोरांनी गेमचे फ्रेम वाढवायला निघून नकळत हा विश्वास तपासायची पद्धत घडवली. कारण कंपन्यांनी नवव्या बिटाचे पैसे वाचवले, आणि त्याची किंमत कोणाची तरी न उघडणारी झिप फाइल मोजत राहिली.

तेव्हा मंडळी, असेंबल्ड पीसी घेतला असेल, मग तो लॅमिंग्टन रोडवरून असो की ऑनलाइन सुटे भाग मागवून, तर पहिल्या रात्री गेम लावायच्या आधी मेमटेस्ट लावा आणि झोपा. सकाळी शून्य चुका दिसल्या तरच लग्नाचे फोटो त्यात टाका.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!