कार-ट्रेलर : उघडा आणि बंद

मोटारगाडी स्वतःच्या चाकांवर न चालवता दुसऱ्या वाहनामागे जोडून नेण्याचे साधन. अमेरिकेत शर्यतीच्या, जुन्या संग्राह्य किंवा अर्धवट दुरुस्त झालेल्या गाड्या नेण्यासाठी असा ट्रेलर खासगी मालकही सर्रास बाळगतात. उघड्या ट्रेलरमध्ये दोन आसांच्या सांगाड्यावर लाकडी फळ्या किंवा पत्रा, मागे सरकवून काढायचे रॅम्प आणि पट्टे अडकवायला कड्या, एवढेच असते. बंद ट्रेलर म्हणजे तशाच सांगाड्यावर उभारलेली भिंती-छपराची खोली. तिचे मागचे दार खाली पाडले की तेच रॅम्प होते. भारतात खासगी गाडीमागे असा ट्रेलर क्वचितच दिसतो आणि चाकणच्या कारखान्यांतून नव्या गाड्या नेणाऱ्या लांबलचक वाहनांचा निर्णय कंपनी आणि वाहतूकदार घेतात. त्यामुळे मालकाने स्वतः निवड करण्याचा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतलाच.

गाडी महाग असेल तर बंद, साधी असेल तर उघडा, असा ठोकताळा सर्रास सांगितला जातो. तो अपुरा आहे. अमेरिकेत विक्रेत्यांकडे जाणाऱ्या बहुतेक नव्या कोऱ्या गाड्या रस्त्यावरचा टप्पा उघड्या बहुमजली वाहकांवरूनच ऊनपाऊस खात पार करतात. तिथे एखाद्या ओरखड्याचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो आणि एकुलत्या एका गाडीच्या मालकाला ती सोय नसते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरून एवढेच ठरते की गाडीला जपायला हवे. कशाने जपायचे हे ठरत नाही. ते ठरवणाऱ्या गोष्टी दोन : ट्रेलर कोण ओढणार आणि तो रात्री कुठे उभा राहणार.

आधी वजन. उघड्या कार-ट्रेलरचे रिकामे वजन साधारण 800 ते 1,100 किलो, तर बंद ट्रेलरचे सहज 1,600 ते 2,200 किलो भरते. प्रत्येकी 3,500 पौंडांचे दोन आस असलेल्या ट्रेलरची एकूण मर्यादा 7,000 पौंड, म्हणजे सुमारे 3,175 किलो. उघड्यावर त्यातले दोन हजारांहून अधिक किलो गाडीसाठी उरतात. तेच आस बंद खोलीखाली बसवले, तर जेमतेम दीड हजार किलो वजनाची गाडी चढवता येते, आणि आजच्या बऱ्याच गाड्या त्याहून जड असतात. म्हणून स्वस्तात मिळणारा हलक्या आसांचा बंद ट्रेलर हा फसवा सौदा ठरतो. भक्कम आसांचा घ्यावा, तर भार ओढणाऱ्या पिकअपवर येतो. ट्रेलर रस्त्यावर डोलू नये म्हणून त्याच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार पुढच्या जोडावर खाली दाबलेला असावा लागतो. यालाच टंग-वेट म्हणतात आणि तो पिकअपच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. गाडी आणि अवजारांसह 4,000 किलो भरलेल्या बंद ट्रेलरचे टंग-वेट 12 टक्क्यांनी 480 किलो होते. पिकअपमध्ये चार माणसे बसली की आणखी 300. ‘हाफ-टन’ म्हणवल्या जाणाऱ्या हलक्या वर्गातल्या अनेक पिकअपांची भारक्षमता 700 किलोंच्या आसपास असल्यामुळे, ओढण्याची जाहिरातीतली क्षमता कितीही मोठी असली तरी हिशेब इथेच बसत नाही. तीच गाडी उघड्यावर 2,650 किलोंत मावली, तर टंग-वेट आणि माणसे मिळून 620 किलोंच्या आत राहतात.

वाऱ्याचा हिशेब याहून कठोर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी 88 किलोमीटरवरून 105 वर गेले की तो सुमारे 40 टक्क्यांनी चढतो. उघड्या ट्रेलरवरची गाडी बरीचशी पिकअपच्या आडोशाला राहते. अडीच मीटर रुंद खोली मात्र त्या आडोशाबाहेर, वर आणि बाजूंना, डोकावते. उत्पादकांच्या ओढण्याच्या मार्गदर्शिकांत वजनाबरोबर ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते, पण ती ओळ फार थोडे लोक वाचतात. बाजूचा वारा तर आणखी अवघड. 24 फुटी ट्रेलरची बाजू साधारण 15 चौरस मीटर भरते, आणि ताशी 60 किलोमीटरच्या आडव्या झोताने तिच्यावर अडीचशे किलोंच्या आसपास ढकल बसते. वायोमिंगमध्ये वारे सुटले की आंतरराज्य महामार्ग 80 चे काही टप्पे हलक्या पण उंच वाहनांना बंद करतात. रिकामा बंद ट्रेलर नेमका त्याच वर्गात मोडतो.

मग बंद ट्रेलर घ्यायचाच कशाला? दगडाचे टवके आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ, ही नेहमीची उत्तरे. मिठाचे कारण खरे आहे. उत्तरेकडच्या राज्यांत जुना पत्रा थंडीत न्यायचा, तर उघड्याचा विचारही करू नये. टवक्यांचे कारण त्यामानाने कच्चे. दगड बरेचसे ओढणाऱ्या वाहनाच्याच मागच्या चाकांखालून उडतात आणि ट्रेलरच्या तोंडाशी उभी ढाल लावली की त्यांतले पुष्कळसे अडतात. कापडी आच्छादन मात्र टाकू नये. वाऱ्याने फडफडून तेच रंग घासते. शर्यतीच्या गाडीचा पुढचा भाग तर ट्रॅकवर तसाही खरवडलेला असतो.

बंद ट्रेलरची खरी कमाई उभे असताना होते. ट्रॅकवर दोन दिवस मुक्काम असेल, टायर-अवजारे बरोबर असतील, पावसात इंजिन उघडावे लागणार असेल, तर तीच खोली गोदाम आणि कार्यशाळा होते. कॅलिफोर्नियात ऑगस्टमधल्या माँटरे कार वीकला संग्राह्य गाड्या बंद ट्रेलरमधून आणण्याचा रिवाज आहे, त्यामागे रंगाइतकीच नजरेआड राहण्याची सोय असते. चोरीबाबत मात्र गाफील राहू नये. मोटेलबाहेर उभा असलेला बिनखुणेचा पांढरा ट्रेलर चोर आतल्या मालासकट जोडून नेऊ शकतो. जोडाला आणि चाकाला कुलूप नसेल, तर भिंतींचा उपयोग शून्य.

वापरातली अडचणही पाहून घ्यावी. बंद ट्रेलरच्या आत दोन्ही बाजूंना चाकांवरच्या पेट्या असतात आणि गाडी आत घेतली की नेमके चालकाचे दार त्यांतल्या एकीवर आपटते. मग खिडकीतून बाहेर पडायचे, नाहीतर भिंतीत वेगळे दार करून घ्यायचे. पट्टे आवळायलाही अंगाला पीळ द्यावा लागतो आणि वाटेत एखादा सैल झाला तर आरशात दिसत नाही. अमेरिकी केंद्रीय नियम व्यावसायिक चालकाला पहिल्या 50 मैलांच्या आत माल तपासायला लावतात. खासगी मालकानेही ती शिस्त पाळावी, बंद ट्रेलर असेल तर अधिकच.

वर्षातून चार-सहा फेऱ्या, हाफ-टन पिकअप आणि संध्याकाळी घरी परत, असा वापर असेल तर ढाल बसवलेला उघडा ट्रेलर घ्यावा. बंद ट्रेलर घ्यायचा, तर आधी तो पेलणारे वाहन घ्यावे. तेवढे पैसे नसतील, तर मुक्कामाच्या मोजक्या फेऱ्यांसाठी तो वाहनासकट भाड्याने आणणे स्वस्त पडते.