पूर्वकर्माचे ऋण : एका हेरपटाच्या उत्तरार्धातील नायक

कथेचा उत्तरार्ध रचणे हे पूर्वार्धापेक्षा कठीण काम आहे, ही जाणीव आपल्याकडील नाटककारांना फार पूर्वीपासून होती. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘महावीरचरिता’त पराक्रमी राम रंगविला आणि ‘उत्तररामचरिता’त त्याच रामाला पुन्हा पंचवटीत आणून उभे केले. तेथे त्याला जिंकण्याजोगा शत्रू उरलेला नाही. सीतेचा त्याग आपल्याच मुखाने झाला, ही वेदना तेवढी उरली आहे. उत्तरार्धाची कसोटी यातूनच मिळते. पूर्वार्धात जे घडले त्याचा वण नायकाच्या मनावर उमटला आहे काय, आणि त्या वणामुळे त्याचे वागणे पालटले आहे काय?

ही कसोटी हेरपटांना लावावी असे म्हटल्यास काही वाचकांना हसू येईल. हेरपट ही घटकाभराची करमणूक. तेथे स्वभावविकास कशाला शोधावयाचा? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मालिकेतील नायक न बदलणे हाच पुष्कळदा मालिकेचा आधार असतो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड ज्यांनी लहानपणी वाचले, त्यांना हे सांगावयास नको. नव्या पुस्तकात नायक पुन्हा ताजातवाना होऊन येतो, आणि वाचकालाही तेच हवे असते.

पाश्चात्त्य हेरपटांचा इतिहास बराच काळ याच वाटेने गेला. १९६२ साली ‘डॉक्टर नो’ आला आणि पुढच्याच वर्षी ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’. या दुसऱ्या चित्रपटात गुन्हेगारांची संघटना डॉक्टर नोच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी सापळा रचते. म्हणजे मागील कथा शत्रूच्या ध्यानात राहिली आहे. जेम्स बाँडच्या मनावर मात्र तिचा ओरखडाही दिसत नाही. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड विवाह करतो आणि विवाहाच्याच दिवशी त्याची पत्नी गोळीला बळी पडते. एवढ्या मोठ्या आघातानंतर १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये काय व्हावे? आरंभी तो ब्लोफेल्डचा त्वेषाने पाठलाग करतो खरा, पण पत्नीचा नामोच्चारही होत नाही. तिच्या थडग्यावर फुले ठेवताना तो दिसला तो १९८१ साली, ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या प्रारंभी, आणि तेथेही शोकाला काही क्षणच मिळाले.

ही रीत बदलण्यास राजकीय इतिहासही कारण झाला. १९९१ साली सोव्हिएट संघराज्य विसर्जित झाले आणि हेरकथेचा हक्काचा शत्रू नाहीसा झाला. तेव्हा शत्रू घरात शोधणे भाग पडले. रॉबर्ट लडलम यांच्या १९८० च्या कादंबरीत जेसन बोर्नचा प्रतिस्पर्धी कार्लोस हा आंतरराष्ट्रीय मारेकरी होता. २००२ च्या ‘द बोर्न आयडेंटिटी’ या चित्रपटात कार्लोस वगळला गेला आणि त्याच्या जागी नायकाला घडविणारे अमेरिकेचे गुप्तचर खातेच आले. भूमध्य समुद्रातून कोळ्यांनी वर काढलेल्या या माणसाला स्वतःचे नावही आठवत नाही. आपण कोण, हा त्याचा प्रश्न. चित्रपटाच्या अखेरीस तो मारी या सोबतिणीकडे परततो आणि कथा सुखान्त होते.

२००४ च्या ‘द बोर्न सुप्रीमसी’त हा प्रश्न अधिक अवघड होतो. आपण कोण हे थोडेबहुत उमगले. आता आपण काय केले? चित्रपटाचा आरंभ गोव्यात होतो. बोर्न आणि मारी तेथे लपून राहतात. रात्री त्याला तुटक स्वप्ने पडतात, आणि ती वहीत टिपून ठेवण्याचा आग्रह मारी धरते. एक रशियन मारेकरी माग काढीत येतो. पळून जात असता त्याची गोळी गाडी चालविणाऱ्या मारीला लागते आणि गाडी पुलावरून नदीत कोसळते. पाण्याखाली तिला श्वास देण्याची बोर्नची धडपड व्यर्थ ठरते. लडलम यांच्या १९८६ च्या मूळ कादंबरीत मारी जिवंत राहते. तिचे अपहरण होते आणि नायक तिच्या सुटकेसाठी पूर्वेकडे जातो. चित्रपटकारांनी केलेला हा बदल लहान नाही. सुटकेची आशा असती, तर नायकाला जुनेच शौर्य पुरले असते.

यापुढे सूडकथा चालू होईल अशीच प्रेक्षकाची अपेक्षा असते, आणि चित्रपट काही काळ ती वाढूही देतो. परंतु मारीने मृत्यूच्या काही क्षण आधी त्याला सांगितलेले असते की, मारणे हा एकच मार्ग नाही, निवड त्याच्या हाती आहे. हे बोलणे त्याच्या मनात रुजते. खात्यातील अधिकारी वॉर्ड ॲबट याने २ कोटी डॉलरची अफरातफर केली होती, आणि ती झाकण्यासाठी नेस्की या रशियन राजकारणी पुरुषाचा खून बोर्नकडूनच करविला होता. हा ॲबट बोर्नच्या पिस्तुलापुढे येतो, तरी बोर्न त्याला सोडतो. मारीला हे आवडले नसते, एवढेच कारण तो देतो. मॉस्कोत मारीचा मारेकरी मोडक्या गाडीत असहाय पडलेला असतो. त्यालाही तो तसाच ठेवून निघून जातो.

चित्रपटाचे खरे शिखर पुढे आहे. जखमी बोर्न लंगडत नेस्कीच्या मुलीच्या घरी जातो. बर्लिनमधील एका हॉटेलात तिच्या वडिलांना ठार करण्याचा त्याला हुकूम होता. तिची आई अवचित तेथे आली, म्हणून तिलाही त्याने मारले, आणि तिनेच पतीला मारून स्वतःला संपविले असा देखावा रचला. आपल्या आईने हे कृत्य केले, याच समजुतीत ही मुलगी वाढली. बोर्न तिला सत्य सांगतो, क्षमा मागतो आणि निघून जातो. ज्याने आयुष्यभर आपले माग पुसले, तो येथे आपणच केलेल्या गुन्ह्याचा साक्षीदार होतो. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास यांनी याआधी २००२ साली, डेरी येथे १९७२ मध्ये निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर झालेल्या गोळीबारावर चित्रपट केला होता. सरकारी हातांनी झालेल्या हत्येनंतर मागे राहिलेल्यांचे काय, हा विषय त्यांना नवा नव्हता.

या प्रसंगावर एक आक्षेप संभवतो. सत्य सांगून बोर्नने मुलीचे दुःख हलके केले की आपलेच ओझे उतरविले? शिवाय तो न्यायालयापुढे उभा राहत नाही. हा दोष मान्य केला पाहिजे. तथापि त्या मुलीच्या दृष्टीने पाहावे. आईवडील तिला परत मिळणार नव्हते. आईवरचा कलंक मात्र जाऊ शकत होता, आणि तो पुसणारा जगात हाच एक मनुष्य होता. क्षमा मिळते की नाही हे चित्रपट सांगत नाही, हा त्याचा संयमच म्हणावा लागेल. २००७ च्या तिसऱ्या भागातही बोर्न मारीच्या भावाला तिच्या मृत्यूची वार्ता स्वतः जाऊन सांगतो. म्हणजे मॉस्कोतील वर्तन हा क्षणिक उमाळा नव्हता. उलट २०१६ च्या ‘जेसन बोर्न’मध्ये दिग्दर्शक तेच, नट मॅट डेमन तोच, परंतु नायकाला पित्याच्या हत्येचा सूड देण्यात आला आणि कथा पुन्हा जुन्या वाटेला लागली. दुसऱ्याने आपल्यावर केलेला अन्याय आठवणे कोणालाही सोपे असते.

आपण शिक्षक मंडळी इतिहास शिकविताना बहुधा हीच सोपी आठवण जोपासतो. आपल्यावर झालेल्या अन्यायांच्या सनावळ्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. आपल्या हातून झालेल्या अन्यायांची पाने आपण झरझर उलटतो. करमणुकीसाठी निघालेल्या एका चित्रपटाने आपल्या नायकाला त्या उलटलेल्या पानाशी परत नेले, जिना चढावयास लावला आणि एका अनोळखी मुलीसमोर बसविले. वर्गात ते पान पुढच्या वेळी येईल तेव्हा आपणही तेथे थोडे थांबावे.