डिकन्सने उचललेली बाहुली

ऑनसाइटला बॉस्टनला आलेला देशी माणूस पहिल्या वीकेंडला हार्वर्ड बघतो, दुसऱ्याला न्यूयॉर्क आणि तिसऱ्याला आउटलेट मॉल. माझंही तसंच चाललं होतं. चौथ्या शनिवारी काही प्लॅन नव्हता म्हणून चार्ल्स नदीच्या काठी वॉटरटाउनला गेलो. तिथे पर्किन्स ही अंध मुलांची शाळा आहे आणि शाळेतच एक छोटं म्युझियम. १८३७ सालचा एक अवाढव्य लाकडी पृथ्वीचा गोल तिथे ठेवलाय. एरवी म्युझियममध्ये 'हात लावू नये' अशी पाटी असते, इथे उलट! हात लावायचा, डोंगर बोटांनी शोधायचे. मी डोळे मिटून हिंदुस्थान शोधला. सापडायला बराच वेळ लागला.

तर मंडळी, गोष्ट या शाळेची. आणि ती बघायला आलेल्या पाहुण्यांची.

शाळेचा पहिला संचालक सॅम्युअल ग्रिडली हाउ हा डॉक्टर. १८३१ साली तो युरोपातल्या अंधशाळा बघायला गेला, परत येऊन १८३२ मध्ये त्याने वडिलांच्या घरातच वर्ग सुरू केला. थॉमस पर्किन्स नावाच्या व्यापाऱ्याने पुढे आपलं घर दिलं, म्हणून शाळेला त्याचं नाव. (या पर्किन्सचा पैसा गुलामांच्या आणि चीनला अफू विकण्याच्या धंद्यातूनही आलेला होता. असो.)

१८३७ मध्ये शाळेत लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची मुलगी आली. दोन वर्षांची असताना आलेल्या तापात तिची दृष्टी आणि ऐकणं दोन्ही गेलं होतं. वास आणि चवही जवळपास नाहीच. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे पोर्ट बंद, फक्त स्पर्श चालू. हाउने चमचा, किल्ली, सुरी अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांची लेबलं चिकटवली. लॉरा लेबल आणि वस्तूच्या जोड्या लावायला शिकली. मग त्याने अक्षरं सुटी केली. कित्येक आठवडे ती नुसती नक्कल करत होती. आणि एक दिवस तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, ही खूण म्हणजे त्या वस्तूचं नाव! त्यानंतर तिने प्रत्येक गोष्टीचं नाव विचारायचा सपाटाच लावला.

जानेवारी १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर आला. वय २९, म्हणजे साधारण माझ्याएवढाच. तोही ही शाळा बघायला गेला. (शाळा तेव्हा साउथ बॉस्टनला होती, वॉटरटाउनला आली १९१२ मध्ये.) लॉराच्या डोळ्यांवर हिरवी फीत बांधलेली होती. शेजारी तिची बाहुली पडली होती. डिकन्सने ती उचलून पाहिली, तर बाहुलीच्या डोळ्यांवरही लॉराने तशीच हिरवी फीत बांधलेली! त्याच वर्षी निघालेल्या 'अमेरिकन नोट्स'मध्ये त्याने लॉरावर पानंच्या पानं लिहिली.

इथे मला थोडं अस्वस्थ व्हायला झालं. कारण लॉराला बघायला येणारा डिकन्स एकटा नव्हता. शनिवारी शाळेत चक्क प्रदर्शन भरायचं, शेकडो लोक तिला 'बघायला' यायचे. लहान मुली आपल्या बाहुल्यांचे डोळे फोडून त्यांवर हिरवी फीत बांधायच्या आणि बाहुलीचं नाव लॉरा ठेवायच्या.

माझ्या मावसभावाला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी घरी पाहुणे आले की आम्ही त्याला पुढे करायचो, "ओठ बघून सांग, काका काय म्हणाले?" त्याने बरोबर सांगितलं की सगळे टाळ्या वाजवायचे, आणि मग पाहुणे चहाकडे वळायचे. तो तिथेच उभा असायचा. टाळ्या तर त्याला ऐकूही यायच्या नाहीत! यात काही चुकतंय असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

मग पाहुण्यांनी जाऊच नये का? तर पुढची गोष्ट ऐका.

डिकन्स १८७० मध्ये गेला. १८८६ च्या सुमारास अलाबामातल्या केट केलर या बाईंना त्याचं ते पुस्तक आठवलं. त्यांची मुलगी लॉरासारखीच होती. पुस्तकामुळे त्यांना कळलं होतं की अशा मुलीला शिकवता येतं. डॉक्टर, मग अलेक्झांडर ग्रॅहम बेल, असं करत शोध पर्किन्सपर्यंत पोचला. शाळेने २० वर्षांची अ‍ॅन सुलिव्हन पाठवली. अ‍ॅन स्वतः अर्धवट अंध. गरिबांच्या आश्रमात खितपत पडली होती. तिथे तपासणीला आलेल्या पाहुण्यांच्या मागे लागून 'मला शाळेत जायचंय' म्हणाली, म्हणून १८८० मध्ये पर्किन्सला आली. शाळेत तिला बोटांची लिपी शिकवली कोणी? तिथेच राहणाऱ्या, पन्नाशीतल्या लॉराने. ३ मार्च १८८७ ला अ‍ॅन टस्कम्बियाला पोचली, ती एक बाहुली घेऊन. बाहुलीचे कपडे लॉराने शिवलेले. अ‍ॅनने त्या मुलीच्या तळहातावर पहिला शब्द लिहिला तो 'डॉल'.

ती मुलगी म्हणजे हेलन केलर. १९५५ मध्ये ती भारतातही येऊन गेली. आणि १९७७ मध्ये मुंबईत तिच्या नावाने अंध-बधिर मुलांसाठी संस्था निघाली.

लॉरा मात्र १८८९ मध्ये पर्किन्समध्येच वारली. डिकन्सच्या भेटीचा तिला स्वतःला काय फायदा झाला? काही नाही. उपयोग झाला तो तिने स्वतः अ‍ॅनला शिकवलं त्याचा, आणि डिकन्सने फक्त हळहळून न जाता तिला कसं शिकवलं ते सविस्तर लिहून ठेवलं त्याचा.

रात्री मावसभावाला चॅटवर पकडलं. म्हटलं, तुझी साइन लँग्वेज मला शिकव, निदान नावापुरती. तो म्हणाला, "तीस वर्षांनी सुचलं होय रे तुला?"

खरंय. व्हिडिओवर तीन अक्षरं शिकलोय. चौथं उद्या.