अंगावरचं दूध आणि घड्याळाचा हट्ट

बाळाला घेऊन घरी आलेल्या बाळंतिणीला अजूनही हमखास एक सल्ला मिळतो: दर तीन तासांनी पाज, मध्ये रडलं तर झुलव, पण अंगावर घेऊ नकोस. या मताचे लोक तीन कारणं देतात. मधल्या वेळात बाळाच्या पोटाला विश्रांती मिळते. तेवढ्या अवधीत दूध भरून येतं. आणि बाळाला शिस्त लागली की आईला रात्री झोप मिळते. थकलेल्या आईविषयीच्या कळकळीतूनच हा सल्ला येतो, म्हणून त्याला नीट उत्तर देणं भाग आहे.

या नियमाचा इतिहास आधी पाहू. १७४८ साली इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम कॅडोगन यांनी चोवीस तासांत चार वेळा पाजणं पुरे, असं लिहिलं. न्यूझीलंडचे ट्रूबी किंग हे मनोरुग्णालयाचे अधीक्षक. तिथल्या शेतावरच्या वासरांच्या आहाराचा अभ्यास करता करता ते बालसंगोपनाकडे वळले. १९०७ मध्ये ड्युनेडिन इथे त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेने चार-चार तासांचं अंतर आणि रात्री पाजणं बंद, ही शिस्त घरोघरी नेली. स्वच्छतेचा आणि आईच्याच दुधाचा त्यांनी धरलेला आग्रह मोलाचा होता. पण दोन पाजण्यांमधलं ठरावीक अंतर शोभतं ते वरच्या दुधाला. गाईच्या दुधात प्रथिनं तीन टक्क्यांहून अधिक आणि त्यांतलं बहुतेक केसीन. त्याचा जठरात घट्ट गोळा होतो. आईच्या दुधात प्रथिनं जेमतेम एक टक्का. ते हलकं असतं आणि जठरातून लवकर पुढे सरकतं. विश्रांतीचा मुद्दा इथेच संपतो.

दूध भरून येण्याचा मुद्दा तर उलटाच आहे. स्तन गच्च भरला की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. रिता झाला की वाढतो. म्हणजे ‘भरू दे, मग पाजू’ म्हणणारी आई नकळत दूध कमी करण्याचाच निरोप देत असते. पुढे दूध कमी झालं की ‘हिला दूधच पुरत नाही’ असा शिक्का बसतो आणि डबा घरात येतो. कारण नियम असतो, दोष मात्र आईच्या माथी जातो.

शिवाय सगळ्या आया सारख्या नसतात. ऑस्ट्रेलियातल्या जॅकलीन केंट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक ते सहा महिन्यांची, फक्त अंगावर आणि मागेल तेव्हा पिणारी ७१ बाळं होती. कुणी दिवसरात्रीत सहादा प्यायलं, कुणी अठरादा. किती वेळा प्यायलं आणि एकूण किती दूध मिळालं, यांचा संबंध आढळला नाही. स्तनांत दूध साठण्याची क्षमता आईगणिक वेगळी असते. त्यानुसार प्रत्येक जोडीने आपला मेळ बसवला होता. जवळजवळ दोनतृतीयांश बाळं रात्रीही पीत होती आणि रात्रीच्या दुधाचा एकूण दुधात मोठा वाटा होता. मग रात्रीची भूक ही बिघडलेली सवय कशी ठरते?

घड्याळ अगदीच निरुपयोगी आहे, असं मात्र नाही. पहिल्या दिवसांतलं झोपाळू बाळ, कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं किंवा काविळीने मलूल झालेलं बाळ मागतच नाही. त्याला उठवून पाजावंच लागतं, दोन-तीन तासांच्या आत. म्हणजे ‘फार वेळ गेला’ हे घड्याळ सांगू शकतं. ‘अजून वेळ झाली नाही’ हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. तो बाळाचा आहे. तोंड उघडणं, मान वळवून शोधणं, मुठी चोखणं ही भुकेची पहिली लक्षणं. रडणं ही उशिराची खूण. पोट भरतंय का, याचा पडताळा वाढत्या वजनाने घ्यावा. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर शू होणं, हीही भरवशाची खूण.

राहिला आईच्या झोपेचा प्रश्न. तो खरा आहे, पण त्याचं उत्तर बाळाची भूक थोपवण्यात नाही. नियोजन करायचं ते घराचं: रात्री लंगोट कोण बदलेल, ढेकर कोण काढेल, दिवसा बाळ झोपलं की स्वयंपाक, पाहुणे आणि धुणं आईच्या वाट्याला येणार नाही हे कोण पाहील. नियोजन करायचं ते कामाच्या जागेचं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या; २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. तरीही उसाच्या फडातल्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईच्या हाती यातलं फारसं काही पडत नाही. तिचं बाळ कामाच्या वेळेनुसार उपाशी राहतं, आणि त्याला शिस्त म्हणण्याची कुणाची हिंमत होणार नाही. वेळापत्रकं बदलायचीच असतील, तर ती मोठ्यांची बदलली पाहिजेत.